कडक उन्हाळ्यात जलतरण तलावाच्या पाण्याची निगा: सोसायटीच्या पूलची जबाबदारी नव्याने घेणाऱ्यांसाठी

विदर्भात मार्चअखेरीस आणि पुणे-नाशिक भागात एप्रिलमध्ये ऊन तापू लागते, मुलांच्या परीक्षा संपतात आणि थंडीत ओस पडलेला सोसायटीचा पूल सकाळ-संध्याकाळ भरून जातो. पाणी सर्वांत वेगाने बिघडते तेही याच दिवसांत. काल नितळ दिसणारे पाणी दोन दिवसांत गढूळ होते, कडांना हिरवी निसरडी साय धरते, मुलांचे डोळे चुरचुरतात, आणि बहुतेक ठिकाणी या सर्वांवर एकच उपाय केला जातो: हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनयुक्त द्रवाचा) आणखी एक कॅन ओतणे. हा उपाय कधी लागू पडतो आणि कधी पूर्णपणे वाया जातो, कारण उन्हाळ्यात पाण्यातले क्लोरीन दोन निरनिराळ्या वाटांनी नाहीसे होत असते. एक वाट उन्हाची, ती फक्त दिवसा चालू असते. दुसरी वाट शेवाळ, घाम, लघवी, धूळ आणि पालापाचोळा यांची, ती रात्रीही बंद होत नाही. आपल्या तलावातले क्लोरीन यांपैकी कोणत्या वाटेने जात आहे, हे समजल्याशिवाय योग्य मात्रा ठरवता येत नाही. पुढे दिलेला क्रम ते समजून घेण्यासाठीच आहे. सर्व आकडे उघड्यावरच्या, ऊन लागणाऱ्या तलावासाठी आहेत.

पहिली पायरी: तलावात किती लिटर पाणी आहे ते काढा

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि आलेल्या आकड्याला १००० ने गुणावे. सरासरी खोली म्हणजे उथळ बाजूची आणि खोल बाजूची खोली मिळवून त्याचे निम्मे. १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात १,००,८०० लिटर, म्हणजे साधारण १ लाख लिटर पाणी असते. पुढची सर्व उदाहरणे याच तलावाची आहेत. ओव्हरफ्लो पद्धतीचा तलाव असेल तर बॅलन्सिंग टँकमधले, म्हणजे काठावरून वाहिलेले पाणी साठवणाऱ्या टाकीतले, पाणीही धरावे.

ही बेरीज-गुणाकाराची तसदी घेतली की पुढचा हिशेब सोपा होतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, अर्थात एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम. १ लाख लिटर पाण्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायचे तर १०० ग्रॅम क्लोरीन लागते, आणि १० टक्के ताकदीच्या ताज्या हायपोच्या एका लिटरमध्ये साधारण तेवढेच असते. म्हणजे लाख लिटरला एक लिटर ताजा हायपो दिल्यास एक पीपीएम वाढ मिळते. हे प्रमाण पंपरूमच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.

दुसरी पायरी: तपासणीचे किट नीट निवडा आणि नीट वापरा

बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे किट पाणी पिवळे करणाऱ्या थेंबांचे असते. ते एकूण क्लोरीन दाखवते. जंतू मारण्यास मोकळे असलेले क्लोरीन किती आणि घाम-लघवीतल्या नत्राशी संयोग पावून निकामी झालेले किती, हे त्यातून कळत नाही. उन्हाळ्यात गर्दी वाढते तेव्हा नेमका हाच फरक महत्त्वाचा असतो. म्हणून पाणी गुलाबी करणारे डीपीडी पद्धतीचे किट घ्यावे. त्यात पहिल्या गोळीने मोकळे क्लोरीन कळते, पुढच्या गोळीने एकूण, आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे संयुक्त क्लोरीन. ते ०.४ पीपीएमपेक्षा अधिक असू नये. तलावाजवळ येणारा उग्र वास ‘क्लोरीन जास्त झाल्या’चा समजला जातो, पण तो बहुतेक वेळा या संयुक्त क्लोरीनचा असतो आणि मोकळे क्लोरीन कमी पडत असल्याची ती खूण असते. पीएच, एकूण क्षारता (मुख्यतः बायकार्बोनेटचे प्रमाण), काठिण्य (मुख्यतः कॅल्शियमचे प्रमाण) आणि सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे स्टॅबिलायझर) यांच्या चाचण्याही किटमध्ये असाव्यात.

नमुना पृष्ठभागावरचा घेऊ नये. कोपर बुडेल इतका हात आत घालून, पाणी आत येणाऱ्या झोतांपासून दूरच्या जागी बाटली भरावी आणि रंग सावलीत उभे राहून जुळवावा. एक धोका नवख्या माणसाला हमखास चकवतो: क्लोरीन फार वाढलेले असेल, साधारण १० पीपीएमच्या वर, तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर उमटून उडून जातो आणि पाण्यात क्लोरीनच नाही असे वाटते. अशा वेळी नमुन्यात तितकेच क्लोरीनविरहित पाणी मिसळून पुन्हा तपासावे आणि येणारा आकडा दुप्पट करावा. क्लोरीन फार असताना पीएचची लाल रंगाची चाचणीही जांभळट होऊन चुकीचा, चढा आकडा दाखवते.

उन्हाळ्यात मोकळे क्लोरीन आणि पीएच रोज किमान दोनदा, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर, तपासावेत. दिवसभर गर्दी असेल तर दुपारीही तपासावेत. क्षारता आठवड्यातून एकदा, काठिण्य आणि सायन्युरिक ॲसिड महिन्यातून एकदा पुरे. प्रत्येक आकडा वहीत तारीख-वेळेसह नोंदवावा, कारण एकट्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही, तो चढतो आहे की उतरतो आहे हेच पाहायचे असते.

तिसरी पायरी: क्लोरीनआधी पीएच आणि क्षारता

पाण्यात पडलेले क्लोरीन दोन रूपांत राहते. त्यांतले एक जंतू झपाट्याने मारते, दुसरे फार मंद असते. दोहोंचे प्रमाण पीएच ठरवतो. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन प्रभावी रूपात असते, ७.५ ला निम्मे आणि ८ ला जेमतेम पाव हिस्सा. शिवाय सूर्याच्या अतिनील किरणांना बळी पडते ते प्रामुख्याने हे दुसरे, मंद रूप. म्हणजे पीएच चढला की असलेले क्लोरीन कमी काम करते आणि उन्हात लवकर उडूनही जाते. पीएच ७.२ ते ७.६ या टप्प्यात ठेवावा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी ७.० ते ७.८ ही मर्यादा सांगितली आहे, पण उन्हाळ्यात वरच्या टोकाला जाऊ न देणेच शहाणपणाचे आहे.

आपल्याकडे पीएच खाली जाण्यापेक्षा वर चढण्याची तक्रार अधिक असते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो तसा पीएच वाढतो, आणि कारंजे, धबधबा, उड्या मारणारी मुले या सर्वांमुळे तो लवकर निघून जातो. पाण्याची क्षारता जितकी अधिक तितका हा चढ वेगवान असतो. क्षारता ८० ते १२० पीपीएमच्या दरम्यान ठेवावी. बोअरवेलच्या पाण्याची क्षारता मुळातच बरीच जास्त असू शकते, त्यामुळे तिथे खाण्याचा सोडा टाकण्याची गरज सहसा पडत नाही. टीसीसीएच्या (सावकाश विरघळणाऱ्या, आम्लधर्मी क्लोरीनच्या) गोळ्या दीर्घकाळ वापरल्या असतील तर मात्र क्षारता घसरलेली सापडेल. लाख लिटरमध्ये ती १० पीपीएमने वाढवण्यासाठी सुमारे १.७ किलो खाण्याचा सोडा लागतो.

पीएच उतरवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ३० ते ३३ टक्के ताकदीचे आम्ल लाख लिटरला अर्ध्या लिटरपेक्षा अधिक एका वेळी देऊ नये. पंप चालू ठेवून चार तासांनी पुन्हा तपासावे आणि गरज असेल तरच दुसरी मात्रा द्यावी. आम्ल नेहमी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बादलीत ओतावे, आम्लावर पाणी कधीही ओतू नये. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा असावा आणि वाऱ्याची दिशा पाठीमागून असावी.

चौथी पायरी: उन्हाचा हिशेब आणि स्टॅबिलायझर

उघड्या तलावात स्टॅबिलायझर नसेल तर भर दुपारच्या उन्हात दोन-तीन तासांत बहुतांश क्लोरीन नाहीसे होते. सकाळी सहाला २ पीपीएम दाखवणारे पाणी दुपारी चारला, म्हणजे मुले उतरण्याच्या वेळी, जवळजवळ शून्य दाखवते. सकाळी कितीही ओतले तरी यात फरक पडत नाही.

सायन्युरिक ॲसिड हा यावरचा उपाय आहे. बाजारात ते स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर या नावाने मिळते. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवते, उन्हापासून वाचवते आणि गरज पडेल तसे सोडते. उघड्या तलावात ३० ते ५० पीपीएम पुरेसे होते. लाख लिटरमध्ये ३० पीपीएमसाठी ३ किलो लागते. ते फार सावकाश विरघळते, म्हणून कापडी पिशवीत घालून पाणी येणाऱ्या झोतासमोर टांगावे, अधूनमधून पिशवी पिळावी आणि आठवड्याने तपासावे. छताखालच्या तलावात याची गरज नाही.

स्टॅबिलायझरची दुसरी बाजू दुर्लक्षित राहते आणि उन्हाळ्यातल्या बऱ्याचशा तक्रारींचे मूळ तिथेच असते. ते उन्हाने किंवा क्लोरीनने फारसे नष्ट होत नाही आणि पाण्याबरोबर उडूनही जात नाही. पाणी बदलले तरच ते कमी होते. टीसीसीएच्या गोळ्यांमध्ये क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही असते: या गोळ्यांमधून १० पीपीएम क्लोरीन दिले की सायन्युरिक ॲसिड सुमारे ६ पीपीएमने वाढते. रोज २ पीपीएम क्लोरीन गोळ्यांमधून दिल्यास महिन्याला ३६ पीपीएमची भर पडते. मार्चच्या सुरुवातीला शून्यावर असलेला तलाव मेअखेरीस शंभरी ओलांडतो. तेव्हा किटमध्ये क्लोरीन भरपूर दिसते आणि तरीही शेवाळ धरते, कारण बहुतेक क्लोरीन बांधलेल्या अवस्थेत असते. ‘क्लोरीन आहे, तरी पाणी हिरवे’ अशी तक्रार आली की आधी सायन्युरिक ॲसिड तपासावे. ते ९०-१०० च्या पुढे असेल तर निम्मे पाणी काढून ताजे भरण्यावाचून दुसरा खात्रीचा मार्ग नाही, आणि मे महिन्यात टँकरच्या दरात तो किती महाग पडतो हे प्रत्येक सोसायटीला ठाऊक आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की स्टॅबिलायझर एकदाच मोजून द्यावे आणि रोजचे क्लोरीन द्रवरूप हायपोमधून द्यावे. गोळ्या फक्त चार दिवस तलावाकडे पाहायला कोणी नसेल तेव्हासाठी ठेवाव्यात.

ब्लीचिंग पावडर स्वस्त असली तरी तिच्यात क्लोरीन ३० ते ३४ टक्क्यांच्या आसपास असते आणि उरलेल्या चुन्यामुळे पाणी गढूळते व काठिण्य वाढते. दुसरे काही मिळत नसेल तर ती बादलीत कालवून, निवळू देऊन फक्त वरचे पाणी वापरावे.

पाचवी पायरी: रात्रीची चाचणी

तलाव बंद झाल्यावर, सूर्यास्तानंतर ठरलेली मात्रा द्यावी. पंप चालू ठेवून तासाभराने मोकळे क्लोरीन मोजावे. दुसऱ्या दिवशी ऊन पाण्यावर येण्याआधी, कोणी उतरण्यापूर्वी, पुन्हा मोजावे. रात्री ऊन नसते आणि पोहणारेही नसतात, त्यामुळे या वेळात झालेली घट फक्त पाण्यातल्या सजीव आणि सेंद्रिय घाणीमुळे झालेली असते.

घट १ पीपीएमपेक्षा कमी असेल तर पाणी स्वच्छ आहे आणि दिवसा होणारा तोटा मुख्यतः उन्हाचा आणि पोहणाऱ्यांचा आहे. अशा वेळी स्टॅबिलायझरची पातळी पाहावी. घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर पाणी डोळ्यांना निळे दिसत असले तरी शेवाळाची सुरुवात झालेली आहे असे समजावे आणि सातव्या पायरीतला उपाय लगेच करावा. हिरवेपणा दिसेपर्यंत थांबल्यास तोच उपाय करण्यास कितीतरी पट हायपो आणि दोन-तीन दिवस अधिक लागतात. ही चाचणी उन्हाळ्यात दर आठवड्याला आणि गर्दीच्या प्रत्येक रविवारनंतर करावी.

रोजचा क्रमही यावरूनच ठरतो. स्टॅबिलायझर ३०-४० असलेल्या तलावात कडक उन्हाच्या दिवशी २ पीपीएमपर्यंत क्लोरीन जाणे साहजिक आहे. म्हणून रात्री ते ४ ते ५ पर्यंत न्यावे, जेणेकरून सकाळी ते ४ च्या आसपास असेल आणि संध्याकाळपर्यंत २ च्या खाली जाणार नाही. स्टॅबिलायझर असलेल्या तलावात किमान २ आणि नसलेल्या तलावात किमान १ पीपीएम ही वर उल्लेखिलेल्या अमेरिकी केंद्रांचीही शिफारस आहे. मात्रा सकाळी न देता रात्री देण्याचे कारण एवढेच की पूर्ण रात्रभर क्लोरीनला उन्हाचा अडथळा न येता काम करता येते.

सहावी पायरी: रसायने साठवताना आणि हाताळताना

हायपो स्वतःच उष्णतेने निकामी होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याच्या विघटनाचा वेग सुमारे तीन-चार पट होतो, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या कॅनमधला १० टक्क्यांचा माल काही आठवड्यांत निम्म्यावर येऊ शकतो. उन्हाळ्यात एका आठवड्याला पुरेल एवढाच घ्यावा, सावलीत आणि वारा खेळेल अशा जागी ठेवावा, झाकणातून वायू बाहेर पडू द्यावा. रात्री लाख लिटरमध्ये ३ लिटर देऊनही तासाभरात वाढ १ पीपीएमच होत असेल, आणि रात्रीची घट मात्र नगण्य असेल, तर पाण्यापेक्षा कॅनवर संशय घ्यावा.

हायपो आणि आम्ल यांचा संयोग झाला की विषारी क्लोरीन वायू निघतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास आग लागू शकते आणि स्फोटही होऊ शकतो. म्हणून ओतण्याचा मग, बादली आणि डोझर (रसायन मोजून सोडणारे यंत्र) प्रत्येक रसायनासाठी वेगळे ठेवावेत, त्यांच्यावर ठळक खुणा कराव्यात आणि आम्लाची साठवण वेगळ्या खोलीत करावी. भारनियमनाच्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. वीज गेल्यावर मुख्य पंप थांबला पण इन्व्हर्टरवरचे डोसिंग पंप चालूच राहिले, तर आम्ल आणि हायपो पाइपात एकत्र साठतात, आणि पाणी पुन्हा वाहू लागताच वायूचा लोट तलावातल्या माणसांवर येतो. डोसिंग पंप मुख्य पंपाबरोबरच बंद होतील अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी, आणि वीज आल्यावर पंप चालू करताना तलाव रिकामा असावा. या एका बाबतीत खर्चाचा विचार करू नये.

बाष्पीभवन आणि टँकरचे पाणी

उन्हाळ्यात रोज अर्धा ते एक सेंटीमीटर पाणी उडून जाते. आपल्या उदाहरणातल्या तलावाचा पृष्ठभाग ८४ चौरस मीटर आहे, म्हणजे एक सेंटीमीटरला ८४० लिटर. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात, आणि भर घालताना नवे क्षार येतात. भरीचे पाणी ४०० पीपीएम काठिण्याचे असेल तर तलावाचे काठिण्य दिवसाला ३ पीपीएमहून थोडे अधिक, म्हणजे महिन्याला सुमारे १०० पीपीएमने वाढते. काठिण्य २०० ते ४०० पीपीएमदरम्यान असावे. त्यापुढे, पाणी गरम आणि पीएच चढा असताना, टाइलवर पांढरी रेघ बसते, फिल्टरमधली वाळू चिकटू लागते आणि पाणी कायम धुरकट राहते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याचे काठिण्य व क्षारता भरण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावी. धरणाचे नळाचे पाणी मिळत असेल तर वरची भर त्याचीच घालावी. रात्री तलावावर आच्छादन टाकल्यास बाष्पीभवन बरेच कमी होते.

सातवी पायरी: पाणी हिरवे झालेच तर

तलाव बंद करावा. खोल टोकाच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर रसायनांचे आकडे काहीही असोत, कोणालाही उतरू देऊ नये, कारण बुडणारा माणूसही तशा पाण्यात दिसत नाही. पीएच आधी ७.२ वर आणावा. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची बाजू आणि दिव्यांभोवतालच्या कडा ब्रशने घासून काढाव्यात, कारण सायीखालच्या शेवाळापर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. नंतर मोकळे क्लोरीन १० पीपीएमपर्यंत न्यावे आणि ते तिथे टिकवून धरावे. पहिल्या दिवशी काही तासांतच ते खाली येईल, तेव्हा पुन्हा मोजून पुन्हा भर घालावी. फिल्टर चोवीस तास चालू ठेवावा. रात्रीची घट १ पीपीएमच्या आत आली, संयुक्त क्लोरीन ०.४ च्या खाली गेले आणि तळ स्वच्छ दिसू लागला, या तिन्ही गोष्टी घडल्या की काम झाले. त्यानंतर क्लोरीन ४-५ पर्यंत उतरल्यावरच तलाव उघडावा.

अनेक ठिकाणी या वेळी मोरचूद टाकतात. त्याने शेवाळ मरते आणि पाण्याला निळसर छटाही येते, पण तांबे पाण्यात साठत जाते, प्लास्टरवर डाग पाडते, केस हिरवट करते आणि जंतूंच्या बाबतीत क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही. मी ते वापरण्याच्या विरुद्ध आहे. तुरटी गाळ खाली बसवण्यासाठी ठीक आहे, मात्र तिने पीएच व क्षारता उतरतात आणि बसलेला गाळ फिल्टरमधून न फिरवता व्हॅक्यूमने थेट बाहेर टाकावा लागतो.

फिल्टरबद्दल थोडक्यात: बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणे) केल्यानंतरचा दाब नोंदवून ठेवावा, तो अर्ध्या बारने वाढला की पुन्हा बॅकवॉश करावा. उन्हाळ्यात पंप दिवसाच्या वेळी निदान आठ तास चालू असावा. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाशिवाय का होईना, मिनिटभर शॉवर घेतला तरी अंगावरचा घाम, तेल आणि सनस्क्रीन बऱ्याच अंशी निघून जाते आणि रात्रीची मात्रा प्रत्यक्षात कमी लागू लागते. शॉवरजवळ पाटी लावण्यापेक्षा तिथे कोणीतरी उभे राहणे जास्त उपयोगी पडते.

वळवाचा पाऊस आला की

मेच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी येतात. त्यांच्याबरोबर वाऱ्याने उडालेली माती, फुलोरा आणि पाने तलावात पडतात आणि क्लोरीन एका रात्रीत संपू शकते. पाऊस थांबताच वरचा कचरा जाळीने काढावा, पंप चालू करावा, तासाभराने क्लोरीन आणि पीएच तपासावेत आणि त्या रात्री चाचणी करावी. जूनमध्ये पावसाने जोर धरल्यावर तलाव भरून वाहू लागतो, तसे सायन्युरिक ॲसिड, क्षारता आणि काठिण्य तिन्ही पातळ होत जातात, ढगाळ हवेमुळे उन्हाचा तोटाही घटतो. तेव्हा उन्हाळ्याची मात्रा तशीच चालू ठेवू नये. दोन-तीन दिवस सकाळचे आकडे पाहून रात्रीचा हायपो अर्ध्या-अर्ध्या लिटरने कमी करत आणावा.